छत्तीस सेंट आणि एक नाव : टीना टर्नरचे आत्मचरित्र समजून घेताना

जुलै १९७६ च्या अगदी सुरुवातीची ही घटना आहे. अमेरिका आपल्या स्वातंत्र्याला २०० वर्षे पूर्ण होण्याच्या सोहळ्याची तयारी करत होती, आणि टेक्सासमधील डॅलस शहरातल्या एका मोठ्या हॉटेलातून ३६ वर्षांची एक गायिका कोणाच्या नजरेस पडणार नाही अशा बेताने बाहेर पडली. विमानतळावरून हॉटेलकडे येताना नवऱ्याने गाडीतच तिला मारले होते आणि त्या दिवशी प्रथमच तिने प्रतिकार केला होता. चेहरा सुजलेला होता आणि अंगावरच्या पांढऱ्या कपड्यांवर रक्ताचे डाग होते. नवऱ्याला झोप लागल्यावर तिने डोक्याला कापड गुंडाळले, काळा चष्मा चढवला, भरधाव वाहनांचा महामार्ग पायी ओलांडला आणि पलीकडच्या दुसऱ्या हॉटेलात जाऊन तिथल्या व्यवस्थापकाला आपण कोण आहोत ते सांगितले. तिच्याजवळ ३६ सेंट आणि पेट्रोल पंपावर चालणारे एक उधारीचे कार्ड, एवढेच होते. व्यवस्थापकाने तिला खोली दिली.

ही गायिका म्हणजे टीना टर्नर. त्या रात्री तिच्यामागे १६ वर्षांची कारकीर्द, ग्रॅमी पुरस्कार, रोलिंग स्टोन्ससारख्या वाद्यवृंदाबरोबरचे दौरे आणि अटलांटिकच्या दोन्ही किनाऱ्यांवर गाजलेली गाणी होती. तिने पत्रकार कर्ट लोडर याच्या साहाय्याने लिहिलेले ‘आय, टीना’ हे आत्मचरित्र १९८६ साली प्रसिद्ध झाले, आणि ते वाचणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न उभा राहिला : एवढी प्रसिद्ध, एवढी कर्तबगार बाई इतकी वर्षे मार खात का राहिली? हा प्रश्न आपल्या आळीतल्या, नात्यातल्या बायकांबद्दलही विचारला जातो, आणि तो विचारताना दोषाचे माप नकळत मारणाऱ्याकडून मार खाणारीकडे सरकते. या आत्मचरित्राचे मोठेपण मला यात वाटते की ते या प्रश्नाचे उत्तर भावनेच्या भाषेत देऊन थांबत नाही. हा संसार व्यवहार म्हणून कसा चालत होता, त्यात कोणती गोष्ट कोणाच्या मालकीची होती, हे ते दाखवते. ते उत्तर नीट समजून घेण्यासाठी आधी तिच्या नावाची हकीकत पाहायला हवी, कारण ‘टीना टर्नर’ हे नाव तिचे नव्हते.

तिचा जन्म २६ नोव्हेंबर १९३९ रोजी टेनेसी राज्यात झाला आणि नाव ठेवले गेले अॅना मे बुलक. नटबुश या लहानशा वस्तीत तिचे बालपण गेले. कापसाची शेते, चर्चमधले समूहगान आणि आईवडिलांची भांडणे यांमध्ये ती वाढली. ती साधारण अकरा वर्षांची असताना आई नवऱ्याच्या जाचाला कंटाळून घर सोडून गेली, पुढे वडीलही निघून गेले आणि आजीने तिला सांभाळले. आजी वारल्यावर ती सेंट लुईसला आईकडे आली. नदीपलीकडच्या ईस्ट सेंट लुईसमधील मॅनहॅटन क्लबात तिने आइक टर्नर आणि त्याच्या ‘किंग्ज ऑफ रिदम’ या वाद्यवृंदाला प्रथम ऐकले, आणि मध्यंतरात हाती आलेल्या ध्वनिक्षेपकावर गाऊन आपला आवाज त्याच्या कानी घातला. तेव्हा ती शाळकरी मुलगी होती. आइक तिच्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा होता, अनुभवी वादक आणि संयोजक होता, आणि त्या शहरात त्याचे मोठे नाव होते.

आइकच्या मनात एक जुनी सल होती, आणि ती समजल्याखेरीज पुढचे काही उलगडत नाही. १९५१ साली त्याच्या वाद्यवृंदाने ‘रॉकेट ८८’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले. रॉक अँड रोलच्या आरंभीच्या गाण्यांत त्याची गणना होते. परंतु तबकडीवर नाव छापले गेले ते गायक जॅकी ब्रेन्स्टन याचे. गाणे गाजले आणि ब्रेन्स्टन वाद्यवृंद सोडून स्वतःच्या वाटेने निघून गेला. यश मिळाले की गाणारा माणूस आपल्याला सोडून जातो, असा धडा आइकने यातून घेतला.

१९६० साली ‘अ फूल इन लव्ह’ या गाण्याच्या ध्वनिमुद्रणाला ठरलेला गायक आलाच नाही, म्हणून अॅना मेने ते गायले. न्यूयॉर्कच्या स्यू रेकॉर्ड्सला हा आवाज पसंत पडला. तबकडी निघताना आइकने तिचे नाव बदलून ‘टीना’ ठेवले. त्या काळच्या एका चित्रकथेतील शीना या जंगलच्या राणीच्या नावाशी ते जुळत होते, आणि आडनाव त्याने स्वतःचे लावले, तेव्हा त्यांचे लग्नही झालेले नव्हते. मग त्याने ‘टीना टर्नर’ या नावाचा ट्रेडमार्क घेतला. हेतू उघड होता : ही गेली तर तिच्या जागी दुसरी गायिका ‘टीना टर्नर’ म्हणून उभी करता यावी. हे सगळे आपल्याला नको आहे असे तिने बोलून दाखवले, तेव्हा त्याने लाकडी शू-स्ट्रेचरने, म्हणजे बुटांचा आकार टिकवण्याच्या साच्याने, तिच्या डोक्यावर मारले. पहिली मारहाण ही. ती त्या वेळी गरोदर होती. नाव देणे, नाव ताब्यात ठेवणे आणि मारणे या तीन गोष्टी तिच्या कथनात एकाच प्रसंगात येतात, आणि पुढची सोळा वर्षे त्या तिन्ही एकमेकींना धरून राहिल्या.

१९६२ मध्ये मेक्सिकोतील तिहुआना येथे त्यांनी लग्न केले. हे लग्न कायदेशीर नव्हतेच, असे आइकने पुढे म्हटले. कागदोपत्री ते कसेही असो, रोजच्या जगण्यात तो संसार आणि ‘आइक अँड टीना टर्नर रिव्ह्यू’ हा कार्यक्रम यांच्यात भिंत नव्हती. नवरा हाच संचालक, तोच व्यवस्थापक, तोच संगीतकार आणि तोच खजिनदार. कार्यक्रमाची बिदागी त्याच्या हाती पडे, आणि तिला स्वतःचे वेगळे वेतन नव्हते. घरात चार मुले होती : तिचा पहिला मुलगा, दोघांचा एक आणि आइकची आधीच्या संबंधातली दोन. तालमी, प्रवास, कार्यक्रम, ध्वनिमुद्रण यांत वर्ष सरे. नवऱ्याला सोडायचे म्हणजे नोकरी, घर, मुले, सहकारी आणि स्वतःचे नाव या सगळ्यांवर एकाच वेळी पाणी सोडायचे, असा त्याचा अर्थ होता. साध्या घरातल्या बाईपुढेही यांतल्या बहुतेक गोष्टी पणाला लागलेल्या असतात, पण स्वतःचे नावदेखील नवऱ्याच्या मालकीचे असणे ही कोंडी तिच्या वाट्याला प्रसिद्धीमुळे आली.

प्रसिद्धी म्हणजे ताकद असे आपण धरून चालतो. या पुस्तकातून कळते ते असे की प्रसिद्धी ज्याच्या हाती असते त्याला ताकद देते, आणि ती गाणाऱ्याच्याच हाती असेल असे नाही. याचे लख्ख उदाहरण १९६६ सालचे आहे. निर्माता फिल स्पेक्टर याला टीनाचा आवाज हवा होता आणि आइक ध्वनिमुद्रणात नको होता. त्याने आइकला २०,००० डॉलर दिले ते स्टुडिओपासून दूर राहण्यासाठी. ‘रिव्हर डीप, माउंटन हाय’ हे गाणे तिने एकटीने गायले, आणि तबकडीवर मात्र नाव आले ‘आइक अँड टीना टर्नर’. अमेरिकेत ते ८८ व्या क्रमांकापुढे सरकले नाही, पण ब्रिटनमध्ये ३ ऱ्या क्रमांकावर गेले. वेगळ्या सुरावटीत, अंगातला जोर आवरून गाता येते, हे तिला तिथे पहिल्यांदा अनुभवायला मिळाले. त्या स्टुडिओतून ती परत गेली ती त्याच घरी.

आता तिच्या मनाकडे वळू. आपण का थांबलो याची तिने सांगितलेली कारणे एकाच साच्यातली नाहीत, आणि म्हणूनच ती खरी वाटतात. भीती होतीच. पण तिने आइकला शब्दही दिला होता की इतरांसारखी मी तुला सोडून जाणार नाही, आणि लहानपणी आईने टाकून गेल्याचे दुःख भोगलेल्या मुलीला सोडून जाणे हा मोठा अपराध वाटत होता. त्याची दयाही येत होती. सुरुवातीच्या काळात तो तिच्याशी मोठ्या भावासारखा वागला होता आणि त्या मैत्रीची आठवण तिने पुढेही नाकारली नाही. निघून जाण्याचे प्रयत्न तिने आधीही केले, आणि त्याने तिला शोधून परत आणले. १९६८ साली तिने जीव देण्याचा प्रयत्न केला. वाचली, आणि पुन्हा मंचावर उभी राहिली. पुढे कोकेनच्या व्यसनाने आइकचा संताप अधिकच बेभरवशाचा झाला.

अशा संबंधांचा अभ्यास करणाऱ्यांनी या प्रकाराला पुढे नाव दिले. मारहाण ही सुट्या सुट्या रागाच्या झटक्यांची मालिका असते असे मानले, तर दोन झटक्यांमधला काळ चांगला ठरतो आणि बाईला त्या चांगल्या काळात निघून जाता आले असते असे वाटू लागते. १९७९ साली अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लेनोर वॉकर यांनी दाखवून दिले की ताण वाढत जाणे, मग हिंसेचा स्फोट, मग पश्चात्ताप आणि गोडवा, असे चक्र अनेक घरांत फिरत राहते आणि तो गोडवाही बाईला बांधून ठेवण्याचेच काम करतो. पुढे इव्हान स्टार्क या अभ्यासकाने २००७ सालच्या आपल्या ग्रंथात लक्ष मारहाणीवरून नियंत्रणावर नेले. पैसा कोणाकडे आहे, कोणाशी बोलायचे, कुठे जायचे, काय घालायचे हे कोण ठरवते, आणि नकार दिल्यास काय होईल याची धास्ती कशी पेरलेली आहे, हे पाहा, असे त्याचे म्हणणे होते. मराठीत याला ‘जाचक नियंत्रण’ म्हणता येईल. अशा घरात हात रोज उगारावा लागत नाही, कारण तो उगारला जाईल हे सगळ्यांना ठाऊक असते. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५ च्या कायद्याने असे नियंत्रण हाच गुन्हा ठरवला.

टीना हे सारे भोगत होती तेव्हा यांतले जवळजवळ काहीच उपलब्ध नव्हते. मार खाणाऱ्या बायकांसाठीची निवारागृहे ब्रिटन-अमेरिकेत १९७० च्या दशकात नुकती उघडू लागली होती. ती राहत होती त्या कॅलिफोर्निया राज्यात कोणाचाही दोष सिद्ध न करता घटस्फोट मिळण्याची सोय १९७० पासून आली. घरातली मारहाण हा ‘त्यांचा आपसातला प्रश्न’ मानला जात असे, आणि तिच्या सुजलेल्या चेहऱ्यावर रंगभूषा चढवून कार्यक्रम ठरल्या वेळी सुरू होत असे. तो चेहरा पाहणारे लोक पुष्कळ होते. ही गोष्ट मला पुस्तकातल्या कोणत्याही मारहाणीच्या वर्णनाहून अधिक बोचते.

आपल्याकडच्या कायद्यात ही समज बरीच नंतर, पण स्पष्ट शब्दांत आली आहे. १९८३ साली भारतीय दंड संहितेत ४९८-अ हे कलम आले आणि नवऱ्याने व सासरच्यांनी केलेला क्रूर छळ गुन्हा ठरला. आता तीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या ८५ व्या कलमात आहे. त्याहून व्यापक आहे तो कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५. हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या ३ ऱ्या कलमात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक, अशा चारही प्रकारच्या छळाचा समावेश आहे. बाईला तिच्या हक्काच्या पैशापासून वंचित ठेवणे, तिचे स्त्रीधन विकून टाकणे, हेदेखील कायद्याच्या दृष्टीने हिंसाच आहे. लग्न कागदोपत्री सिद्ध होत नसले तरी लग्नासारख्या संबंधात एकत्र राहिलेल्या स्त्रीलाही या कायद्याखाली दाद मागता येते. संरक्षण अधिकाऱ्याच्या मदतीने किंवा थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून संरक्षणाचा, राहत्या घरात राहण्याचा आणि खर्चाच्या रकमेचा आदेश मागता येतो, आणि १८१ या महिला हेल्पलाइनवरून वाट विचारता येते. हे सांगण्याचे कारण असे की ‘का थांबली’ या प्रश्नाचे अर्धे उत्तर बाहेर पडल्यावर पाय कुठे ठेवायचा यात दडलेले असते.

बाहेर पडल्यावर सगळे संपते ही आणखी एक चुकीची समजूत. बाई घर सोडते तो काळच अनेकदा सर्वांत धोक्याचा असतो, कारण ज्याच्या हातून ताबा सुटतो तो तो परत मिळवण्यासाठी काहीही करू शकतो. डॅलसहून लॉस एंजेलिसला आल्यावर टीना मैत्रिणींच्या घरी लपून राहिली, आणि ज्यांच्याकडे राहिली त्यांची घरे झाडून-पुसून देऊ लागली. ती राहत होती त्या घरावर गोळ्या झाडल्या गेल्याचेही तिने सांगितले आहे. अर्धवट सुटलेल्या दौऱ्याची नुकसानभरपाई आयोजकांनी मागितली आणि ते देणे तिच्या डोक्यावर आले. काही काळ तिला सरकारी अन्नकुपनांवर घर चालवावे लागले. या दिवसांत तिला आधार होता तो निचिरेन या जपानी बौद्ध परंपरेतील जपाचा. १९७३ च्या सुमारास तिला कोणीतरी तो शिकवला होता आणि पुढे तिने तो आयुष्यभर केला. आपल्यात बदल घडला तो एका रात्रीत नाही, आधीच्या तीन वर्षांच्या या जपाने तो हळूहळू घडत आला होता, असे ती सांगत असे. त्यामुळे डॅलसची रात्र चित्रपटातल्यासारखी अचानक उगवत नाही.

घटस्फोटाचा अर्ज तिने त्याच महिन्यात केला, आणि तो १९७८ च्या मार्चमध्ये अंतिम झाला. या वाटाघाटीत तिने जे केले ते समजून घेण्यासारखे आहे. संपत्तीवरून वर्षानुवर्षे भांडत राहणे म्हणजे त्या माणसाशी बांधलेले राहणे, हे तिला कळले होते. म्हणून पैसा, स्टुडिओ, जोडीने मिळवलेल्या गाण्यांचे उत्पन्न यांवर तिने पाणी सोडले. स्वतः लिहिलेल्या गाण्यांचे मानधन, दोन मोटारी आणि थोडे कपडे-दागिने तिच्याकडे राहिले. आग्रह तिने धरला तो ‘टीना टर्नर’ या नावाचा. हे नाव त्याने दिले असले तरी ते मोठे केले ते मी, राबून, असे तिचे म्हणणे होते, आणि ते नाव तिला मिळाले. व्यवहारी माणसाला हा सौदा तोट्याचा वाटेल. परंतु तिच्यापाशी कमावण्याचे एकच साधन होते, आणि तेच तिने पदरात पाडून घेतले.

नंतरची काही वर्षे टीव्हीवरच्या खेळांत पाहुणी म्हणून जाणे, हॉटेलांतल्या जेवणावळींपुढे गाणे, अशी गेली. ज्या वयात पॉप गायिकांना कंपन्या उभे करत नसत, त्या वयात नवा व्यवस्थापक रॉजर डेव्हिस याच्या साथीने तिने पुन्हा सुरुवात केली. १९८४ साली ‘प्रायव्हेट डान्सर’ हा अल्बम आला, ‘व्हॉट्स लव्ह गॉट टू डू विथ इट’ हे गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले, तेव्हा ती ४४ वर्षांची होती. जानेवारी १९८८ मध्ये रिओ दि जानेरोच्या माराकाना मैदानात सुमारे १ लाख ८० हजार लोक तिला ऐकायला आले.

मग हे सांगायचे कशासाठी? ते सांगण्याला सुरुवात झाली ती १९८१ साली, ‘पीपल’ साप्ताहिकाला दिलेल्या मुलाखतीने. प्रत्येक पत्रकार आइकबद्दलच विचारत होता. एकदा सगळे सांगून टाकू म्हणजे हा विषय मिटेल, असा तिचा हिशेब होता. पुस्तकामागेही हीच इच्छा होती. लोडरने तिच्या निवेदनाशेजारी तिच्या आई-बहिणीचे, सहगायिकांचे आणि वादकांचेही बोलणे ठेवले, त्यामुळे पुस्तकाला साक्षीदारांच्या जबान्यांचे बळ आले. मराठी वाचकाला हा प्रकार परका नाही. अभिनेत्री हंसा वाडकर यांनी अरुण साधू यांना सांगितलेल्या आठवणी ‘सांगत्ये ऐका’ या नावाने आपल्याकडे त्याआधी दीड दशक आल्या होत्या, आणि लहानपणापासून घरासाठी कमावणाऱ्या बाईच्या आयुष्याची सूत्रे दुसऱ्यांच्या हाती कशी राहतात हे त्यांनी तितक्याच धीटपणे सांगितले होते.

आइकने उत्तर दिले ते १९९९ सालच्या त्याच्या आत्मचरित्रात. त्याने थपडा मारल्याचे, कधी विचार न करता ठोसा मारून तिला पाडल्याचेही मान्य केले, आणि आपण तिला ‘मारझोड’ केली नाही असे त्याच ओघात म्हटले. वाचकाने ही दोन वाक्ये शेजारी ठेवून पाहावीत. मारणाऱ्याच्या लेखी मारहाणीची व्याख्या केवढी आकसलेली असते ते त्यातून कळते. आइक हा थोर संगीतकार होता, ‘रॉकेट ८८’ च्या इतिहासात त्याचे स्थान कायम आहे, आणि हे मान्य केल्याने टीनाच्या साक्षीचे वजन कमी होत नाही. तो २००७ साली वारला.

विषय मात्र मिटला नाही. पुस्तकावरून १९९३ साली चित्रपट निघाला, तो गाजला, आणि मारहाणीचे प्रसंग जगभरच्या पडद्यांवर आले. त्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात पत्रकारांनी विचारले तेव्हा तिने सांगितले की आपण तो चित्रपट पाहिलेला नाही आणि तो पाहण्याची इच्छाही नाही. जे भोगले त्याची साक्ष एकदा देणे आणि ती रोज उगाळत बसणे यांतला फरक तिला लोकांना समजावून सांगता येईना. पन्नाशीनंतरही मुलाखतींत तोच प्रश्न येत राहिला. पीडितेने बोलावे असा आग्रह आपण धरतो, तेव्हा बोलल्यानंतर तिला थांबण्याचाही हक्क आहे हे विसरतो, आणि या बाबतीत वाचक म्हणून आपणही जबाबदार आहोत असे मला वाटते.

तिचे पुढचे आयुष्य युरोपात गेले. जर्मन संगीत-व्यवसायातील एर्विन बाख याच्याशी तिची ओळख १९८० च्या दशकाच्या मध्यात झाली, सत्तावीस वर्षांच्या सोबतीनंतर २०१३ मध्ये त्यांनी लग्न केले, आणि २०१७ मध्ये त्याने तिला आपले मूत्रपिंड दिले. झुरिकजवळच्या तळ्याकाठी कुस्नाख्ट येथे २४ मे २०२३ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी तिचे निधन झाले. त्याआधी दीड वर्ष, ऑक्टोबर २०२१ मध्ये, तिने बीएमजी या संगीत कंपनीशी एक करार केला होता. आपल्या गाण्यांवरच्या हक्कांबरोबर आपली छबी आणि नाव वापरण्याचे अधिकारही तिने त्या कंपनीला विकले. १९६० साली ज्या नावाची नोंद तिला न विचारता दुसऱ्याने स्वतःसाठी केली होती, त्याच नावाच्या विक्रीच्या कागदांवर या वेळी सही तिची होती.